चाळीस वर्षांची चांदी

गेल्या वर्षी पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी भडंग खाताना माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचा जिभेकडचा कोपरा तुटला. दुखले अजिबात नाही. शेंगदाण्याबरोबर काहीतरी वेगळेच कडक दाताखाली आले, आणि तळहातावर काढून पाहिले तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा, एका अंगाने पांढरा आणि दुसऱ्या अंगाने काळपट असा एक तुकडा निघाला. काळपट अंग म्हणजे चांदीला टेकलेले अंग होते. ती चांदी १९८४ साली कोल्हापुरात माझ्या दाढेत भरली गेली, तेव्हा मी दहा वर्षांची होते. चाळीस वर्षे जी वस्तू मी प्रत्येक घासाला वापरत आले, तिच्याविषयी मला जवळजवळ काहीच ठाऊक नाही, हे त्या तुकड्याकडे पाहताना मला पहिल्यांदा जाणवले.

आमचे गाव करवीर तालुक्यातले, उसाचे. दिवाळीनंतर गुऱ्हाळे सुरू झाली की शाळेतून घरी येण्याची आमची वाट गुऱ्हाळावरून जात असे. काहिलीतल्या उकळत्या रसावरची मळी काढणारा गुळव्या आम्हां मुलांना नावानिशी ओळखत असे. उसाचे कांडे काकवीत बुडवून तो हातात देई आणि ते चोखत चोखत आम्ही घर गाठत असू. घरी आल्यावर गुळाचा खडा असे, आणि दिवेलागणीला पुन्हा गूळ-शेंगदाणे. आमच्या घरात मुलांचे गोडाचे लाड फार होत असत असे नाही, परंतु गुऱ्हाळाच्या त्या चार महिन्यांत आमच्या तोंडात दिवसभर काही ना काही गोड चिकटलेले असे, आणि सगळी मेख त्या 'दिवसभर'मध्ये होती.

गोड खाल्ले की दातांवरच्या चिकट थरात राहणारे जिवाणू त्या साखरेचे आम्ल करतात, आणि काही मिनिटांतच दाताच्या पृष्ठभागाशी सामू (आंबटपणाचे माप, pH; तो जितका कमी तितके आम्ल तीव्र) ५.५ च्या खाली उतरतो. दाताच्या बाहेरच्या कवचाची, म्हणजे एनॅमलची, तीच सीमा आहे. तिच्याखाली कवचातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागते. मग लाळ आपले काम करते. अर्ध्या-एक तासात ती ते आम्ल शमवते आणि तिच्यातलेच कॅल्शियम-फॉस्फेट हळूहळू पुन्हा दातात जाऊन बसते. दात रोज थोडा विरघळतो आणि रोज थोडा भरून निघतो; दर अर्ध्या तासाने काकवीचे कांडे तोंडात जात असेल, तर मात्र लाळेची पाळी येतच नाही. किती गोड खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले आणि किती वेळ दाताला चिकटून राहिले हे अधिक महत्त्वाचे असते, हे स्वीडनमधल्या लुंड येथील व्हिपेहोम या संस्थेत १९४०च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून ठसठशीतपणे दिसले. तिथे ठेवलेल्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना जेवणांच्या मधल्या वेळी मुद्दाम चिकट टॉफी खायला दिली गेली आणि त्यांचे दात किडू दिले गेले. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. आज आपल्या मुलांना आपण जो सल्ला देतो, तो त्या माणसांनी सोसलेल्या वेदनेतून आलेला आहे, आणि ते न सांगता हा सल्ला पुढे देणे मला योग्य वाटत नाही.

आपण 'दाताला कीड लागली' असे म्हणतो, आणि लहानपणी मी खरोखरच एखादा बारीक पांढरा किडा दाढेत बसला आहे अशी कल्पना करत असे. दातातल्या किड्याची ही समजूत जगभर, हजारो वर्षे होती. फ्रान्समध्ये प्येर फोशार यांनी १७२८ साली दातांच्या वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि आपल्याला असा किडा कधी दिसला नाही असे सांगितले. आणि तोंडातले जिवाणू अन्नातल्या साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरते, ही साखळी बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने १८९० साली नीट मांडली.

माझ्या त्या दाढेबाबत आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती आजही अनेक घरांत घडते. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्या जागी आधीचा कोणताही दात पडलेला नसल्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. आईने माझ्या दाढेतला काळा ठिपका पाहिला होता, आणि 'पडेल तो दात, नवा येईल' असे ती म्हणाली होती. तो दात पडणार नव्हता आणि त्याच्या जागी नवा येणारही नव्हता, कारण पक्क्या दाढांतली ती पहिली दाढ होती, जन्मभर पुरायची. पुढे एके रात्री ठणका लागला, आईने लवंगेचे तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाढेत धरले, आणि सकाळच्या एसटीने आम्ही कोल्हापूरला गेलो.

त्या दवाखान्यातही लवंगेचाच वास होता. तो का येत होता, ते मला आत्ता कळले: लवंगेच्या तेलातले युजेनॉल झिंक ऑक्साइडच्या भुकटीत कालवून दंतवैद्य तात्पुरते भरण करत असत, आणि आजही करतात. तिथले डॉक्टर वयस्कर होते. 'बाळ, दुखलं की डावा हात वर कर, मी लगेच थांबेन,' असे त्यांनी सांगितले, आणि मी दोनदा हात वर केला तेव्हा ते दोन्ही वेळा खरोखर थांबले. माझे डोळे मात्र बाजूच्या टेबलावर लागले होते. तिथे त्यांच्या मदतनिसाने काचेच्या लहान खलात राखाडी भुकटी घेतली, तिच्यावर पाऱ्याचा चकचकीत थेंब सोडला आणि बत्त्याने ते घोटायला सुरुवात केली. घोटता घोटता भुकटी आणि पारा दोन्ही नाहीसे झाले आणि लोण्यासारखा मऊ, चमकता गोळा उरला. तो त्याने फडक्यात घेऊन पिळला तेव्हा कापडातून पाऱ्याचे बारीक थेंब बाहेर आले. पाऱ्याला असे उघड्यावर हाताळणे घातक आहे, हे आता सर्वमान्य आहे आणि तशी पद्धत मागे पडत गेली आहे. डॉक्टर तो गोळा थोडा थोडा करून दाढेत दाबत होते, आणि प्रत्येक दाबाला कोरड्या वाळूवर पाऊल पडावे तसा कुरकुर आवाज माझ्या जबड्यातून थेट कानात येत होता. मग एका बारीक हत्याराने त्यांनी त्या मऊ धातूवर दाढेच्या खाचा कोरल्या. उद्यापर्यंत या बाजूने काही चावायचे नाही, असे बजावले, कारण त्या मिश्रणाला पुरते कठीण व्हायला एक दिवस लागतो.

आपण त्याला 'चांदी' म्हणतो, पण त्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, आणि उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबे. हे मिश्रण मजबूत असते, तोंडातल्या ओलाव्याला फारसे जुमानत नाही आणि स्वस्तात होते. त्यामुळे ते दीडशे वर्षांहून अधिक काळ जगभर टिकले. त्याची एक अट मात्र कडक होती. ते दाताला चिकटत नाही. ते दाढेत टिकावे म्हणून खड्डा असा कोरावा लागे की तोंडाशी तो अरुंद आणि तळाशी किंचित रुंद असेल, म्हणजे आत घट्ट झालेला धातू बाहेर निसटू शकणार नाही. अमेरिकेतले जी. व्ही. ब्लॅक यांनी या खड्ड्यांचे आकार आणि वर्ग विसाव्या शतकाच्या आरंभी शिस्तीत बसवले, आणि जिथे पुढे कीड लागण्याची शक्यता आहे त्या शेजारच्या निरोगी खाचाही आताच कोरून भरून टाकाव्यात, असे तत्त्व घालून दिले. त्यांच्या काळाच्या मानाने ते शहाणपणाचे होते. तरी त्याचा हिशेब स्पष्ट आहे: भरण बसावे म्हणून निरोगी दात कापला जाई. माझ्या दाढेतला काळा ठिपका लहान होता आणि चांदी मोठी होती, आणि चाळीस वर्षांनी जो कोपरा तुटला तो त्या मोठ्या चांदीच्या कडेला उरलेल्या पातळ भिंतीचा होता.

इथे आपल्या शरीराची एक विलक्षण गोष्ट आहे, जिच्यामुळे दात भरण्याचे हे सगळे काम माणसाच्या हातांवर येऊन पडले. हाड मोडले तर सांधते आणि कातडी कापली तर भरून येते, कारण त्यांच्यात जिवंत पेशी असतात. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याचा वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. तो घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येता येता नष्ट होतात. त्यामुळे एनॅमलमध्ये एकदा खड्डा पडला की तो बुजवायला आत कोणीही उरलेले नसते. त्याच्या खालचा थर, डेंटिन, थोडा मऊ असतो आणि त्यातून हजारो सूक्ष्म नळ्या आतल्या जिवंत गाभ्यापर्यंत जातात. गार पाण्याची सणक त्यांतूनच आत पोहोचते. या गाभ्याला आपण सरसकट 'नस' म्हणतो, आणि दुरुस्तीचे काही थोडे सामर्थ्य असेल तर ते त्याच्याकडे आहे. कीड हळूहळू पुढे येत असेल, तर गाभा मागे सरतो आणि मधल्या जागेत डेंटिनचा नवा थर घालत जातो.

माझ्या एक्स-रेमध्ये मी हे स्वतः पाहिले. पुण्यातल्या ज्या तरुण दंतवैद्य बाईंकडे मी तुटलेला तुकडा कागदात गुंडाळून घेऊन गेले, त्यांनी पडद्यावर पांढऱ्याशुभ्र चांदीखालची जागा बोटाने दाखवली. 'काकू, शेजारच्या दाढेत नस बघा किती वर आहे, आणि या दाढेत किती खाली गेली आहे. मधली ही भिंत तुमच्या दाताने बांधली आहे.' मग त्यांनी आरशातून बराच वेळ दाढ पाहिली आणि म्हणाल्या, 'चांदी भरणाऱ्याचा हात फार चांगला होता.' ते वयस्कर डॉक्टर हयात असतील की नाही मला ठाऊक नाही. एका कारागिराने दुसऱ्याचे काम चाळीस वर्षांनी ओळखावे, तेही ज्याच्या तोंडात ते काम आहे त्या माणसाला आजवर ते दिसलेले नसताना, याने मी त्या खुर्चीवर काही क्षण अगदी गप्प झाले.

चांदी काढताना त्यांनी दाढेभोवती रबराचा पातळ पडदा बसवला, भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन चालू ठेवले, आणि निघालेले राखाडी तुकडे झाकणाच्या एका वेगळ्या बरणीत टाकले. पाऱ्याचा हा कचरा सांडपाण्यात जाऊ देत नाहीत. पाऱ्याविषयी मी त्यांना सरळ विचारले. दाढेत बसलेल्या चांदीतून अगदी अल्प प्रमाणात पाऱ्याची वाफ येते, परंतु बहुसंख्य माणसांना तिने अपाय होतो असे दिसलेले नाही, आणि म्हणून चांगली टिकलेली चांदी केवळ भीतीपोटी उकरून काढू नये, असे त्यांनी सांगितले. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यासाठी मात्र ती आता टाळतात. मोठी चिंता पाणी आणि माती यांची आहे. जपानमधल्या मिनामाता गावात समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने माणसे पंगू झाली. त्याच गावाच्या नावाने २०१३ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने पाऱ्याचे भरण टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरवले, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून ते अपवाद वगळता बंद केले.

चांदी निघाल्यावर तळाशी तपकिरी रंगाची थोडी कीड निघाली, कारण वर्षानुवर्षांच्या चावण्याने कडेला फट पडून तिथून जिवाणू आत गेले होते. दात भरण्यातला सर्वांत अवघड निर्णय इथे असतो असे माझे मत झाले. काय भरायचे हे आधीच ठरलेले असते. किती काढायचे आणि कुठे थांबायचे, ते हाताला ठरवावे लागते. वरची कीड ओल्या लाकडासारखी मऊ असते, ती चमच्याच्या आकाराच्या बारीक हत्याराने सालीसारखी निघते. त्याखाली चामड्यासारखा चिवट थर लागतो, आणि त्याच्याखाली हत्यार लावले की खर्र वाजणारे निरोगी डेंटिन. कडांना सगळीकडे खर्र वाजेपर्यंत जायचे, परंतु नसेच्या अगदी जवळ मात्र तो चिवट थर मुद्दाम राहू द्यायचा, असे आता मानतात. वरून भरण घट्ट बसले की आत अडकलेल्या जिवाणूंना अन्न मिळत नाही आणि कीड तिथेच थांबते. जुनी शिकवण शेवटच्या डागापर्यंत खोदायला सांगत असे, आणि त्या नादात नस उघडी पडून चांगल्या दाढेचे रूट कॅनल करावे लागे.

जबडा बधिर होता आणि दात कोरणाऱ्या यंत्राच्या आवाजाखाली मी डोळे मिटून पडले होते, तेव्हा मला बलुचिस्तानातल्या मेहरगढची आठवण होत होती. तिथल्या नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढांना छिद्रे पाडलेली सापडली, आणि तो शोध २००६ साली प्रसिद्ध झाला. ती माणसे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीची होती. दगडी मण्यांना भोके पाडण्यासाठी तिथले कारागीर गारगोटीची टोके वापरत, आणि दाढांची छिद्रे तशाच टोकांनी पाडलेली होती; छिद्रांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे ती माणसे त्यानंतर जगली आणि त्या दाढांनी चावत राहिली. स्लोव्हेनियात सापडलेल्या सुमारे ६,५०० वर्षांपूर्वीच्या एका जबड्यात तर चिरलेल्या सुळ्यावर मधमाश्यांचे मेण भरलेले आहे. बधिर करायचे औषध नसताना कोणीतरी कोणाचे तरी डोके मांडीवर धरून ते काम केले असेल.

माझ्या दाढेत या वेळी दाताच्या रंगाचे कंपोझिट भरले. रंग डॉक्टरांनी अगदी आरंभीच जुळवून घेतला, कारण तोंड उघडे राहून दात सुकला की तो पांढरा दिसू लागतो आणि अंदाज चुकतो. कंपोझिट म्हणजे राळेसारख्या रसायनात काचेची अतिसूक्ष्म भुकटी. १९६२ साली अमेरिकेत राफेल बोवेन यांनी त्याचा पाया घातला. पण त्याच्याही आधी जी गोष्ट घडली ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर वाटते. अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांना असे ठाऊक होते की धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत त्याला आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यांनी तेच आम्ल अर्धा मिनिट एनॅमलला लावून पाहिले, आणि धुऊन सुकवल्यावर त्यावर ॲक्रिलिक हे प्लास्टिक कितीतरी घट्ट धरून राहिले. हे १९५५ साली प्रसिद्ध झाले. जे आम्ल कीड पाडते त्याच जातीच्या पदार्थाने, मोजून मापून, दुरुस्तीची वाट उघडली.

माझ्या दाढेला त्याच आम्लाचा निळा जेल काही सेकंद लावून धुतला आणि आरशात दाखवला, तेव्हा तिच्या कडा खडूसारख्या निस्तेज पांढऱ्या झाल्या होत्या. त्या पांढरेपणात लक्षावधी सूक्ष्म छिद्रे असतात; बाँडिंगचा पातळ द्रव त्यांत शिरतो, निळ्या प्रकाशाने तिथेच कठीण होतो, आणि दात आणि भरण यांची गुंफण होते. त्यावर कंपोझिटचा थर चढत गेला, एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा कमी, प्रत्येक थराला निळा प्रकाश दाखवत, कारण प्रकाश त्याहून खोल नीट पोहोचत नाही आणि कठीण होताना हा पदार्थ किंचित आकसतो. या काळात दाढेला लाळेचा एक थेंबही लागता कामा नये. चांदी वीस मिनिटांत भरून होत असे. या कामाला सव्वा तास लागला. मात्र पकडीसाठी नवा खड्डा कोरावा लागला नाही, आणि जे निरोगी होते ते सगळे जागेवर राहिले.

नवे आले म्हणून जुन्याची किंमत कमी होते असे मी मानत नाही. सव्वा तास, कोरडी दाढ, दिवा, भारी साहित्य आणि त्यासाठीचे पैसे ही सगळी सोय ज्यांच्याजवळ नाही अशांसाठी आजवर ती राखाडी चांदी होती, आणि तिची जागा घ्यायची तर तितकेच साधे काहीतरी हवे. १९७२ साली लंडनमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी जगासमोर मांडलेले ग्लास आयोनोमर सिमेंट त्या दिशेने जाते. ते दाताला स्वतःहून रासायनिक रीत्या चिकटते आणि थोडे थोडे फ्लोराइड सोडत राहते. टांझानियात १९८०च्या दशकात वीज नसलेल्या गावांत केवळ हाताच्या हत्यारांनी कीड काढून दात भरण्याची पद्धत सुरू झाली, तीत पुढे हेच सिमेंट रुळले.

आईला हे सगळे सांगितले तेव्हा तिने शांतपणे ऐकले. तिच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढा पस्तिशीच्या आत काढल्या गेल्या होत्या. दुखली की काढायची, एवढाच उपाय तिच्या माहेरच्या तालुक्यात होता. आज ती शेंगदाणे कूट करून खाते आणि भाकरी आमटीत कुस्करून. माझ्या काळ्या ठिपक्याला तिने दुधाचा दात समजावे यात तिचा दोष नव्हता, आणि ठणका लागताच दुसऱ्या दिवशी मला काढायला नव्हे तर भरायला घेऊन जाणारी तीच होती.

त्या दिवशी काम संपल्यावर डॉक्टरांनी दातांमध्ये निळा कागद धरला, 'दाबा, आता घासा' असे दोन-तीनदा सांगून जिथे निळा ठिपका गडद उमटला तिथे भरण किंचित घासले, आणि मग पुन्हा एक्स-रेकडे वळल्या. वरच्या एका दाढेच्या कडेला, एनॅमलच्या आतच, एक फिकट सावली होती. मी विचारले, हीही आज भरून टाकायची का? 'नाही काकू, इथे अजून खड्डा पडलेला नाही. याला हात लावायचा नाही.' त्यांनी त्या जागी फ्लोराइडचा लेप दिला, दोन दातांमधून दोरा कसा फिरवायचा ते माझ्याच हातात देऊन करून घेतले, आणि जेवणांच्या मधला गुळाचा चहा मोजून सोडायला सांगितला. दिवसाचे पाच चहा होते, त्यांचे दोन झाले.

या वर्षी जूनमध्ये पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी दोन्ही छायाचित्रे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली, दोन्हींवरची सावली मोजली आणि पुन्हा एकदा मोजली. ती तेवढीच होती. त्यांनी माझ्या कार्डावर तारीख घातली, तिच्यापुढे 'भरण नाही' असे लिहिले आणि खुर्ची वर घेतली.